मूळ आधी, विडंबन मग

'एअरप्लेन!' हा १९८०चा अमेरिकी चित्रपट सर्वांत विनोदी चित्रपटांच्या यादीत हमखास असतो. ते वाचून आपल्याकडचे अनेक जण तो मोठ्या अपेक्षेने लावतात आणि अर्ध्या तासात बंद करतात. 'यात एवढं हसण्यासारखं काय आहे?' असे त्यांना वाटते, आणि हा प्रश्न रास्त आहे. हा विडंबनपट आहे, म्हणजे बोलताना आपण ज्याला स्पूफ म्हणतो त्या जातीचा. विडंबनपट पाहायची एक रीत असते. ती जमली की हेच चित्रपट पोट दुखेपर्यंत हसवतात. ती रीत इथे क्रमाने सांगतो. त्यासाठी आपल्याला आधीचे काहीही ठाऊक असण्याची गरज नाही.

प्रथम विडंबनपट ओळखायचा कसा, ते पाहू. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पाहताना आपण हसतो ते पात्रांच्या फजितीला. त्यासाठी आधी दुसरा कुठला चित्रपट पाहिलेला असावा लागत नाही. चार्ली चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये (१९४०) रोख हिटलरवर, म्हणजे पडद्याबाहेरच्या जगावर आहे. त्याला उपहास म्हणतात. विडंबनपटाचा रोख असतो दुसऱ्या चित्रपटावर. एखादा विशिष्ट चित्रपट, किंवा काउबॉयपट, भयपट, हेरपट असा एक आख्खा प्रकार तो उचलतो, त्याच्यासारखाच दिसतो, त्याच्यासारखाच बोलतो, आणि मधेच एखादी गोष्ट अशी फिरवतो की मूळचा सगळा रुबाब उतरतो.

मराठी वाचकाला ही करामत नवी नाही. आचार्य अत्र्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह १९२५ सालचा. कवितेच्या विडंबनात मूळ कवितेचे वृत्त, यमके, शब्दकळा नेटकेपणाने सांभाळावी लागते. वृत्त सुटले की विडंबन संपते आणि नुसती टिंगल उरते. चित्रपटालाही असे वृत्त असते. कॅमेरा कुठे ठेवला आहे, प्रकाश कसा पडतो, संगीत केव्हा चढते, नट किती गंभीर आहेत, हे सगळे त्यात आले. चांगला विडंबनपट हे वृत्त शेवटपर्यंत सोडत नाही. पुढचे सारे याच एका गोष्टीवर उभे आहे.

आता पहिले काम निवडीचे. ज्याचे मूळ नेमके माहीत आहे आणि पाहायला मिळू शकते, अशा विडंबनपटापासूनच सुरुवात करावी. माझ्या मते दोन जोड्या सर्वांत सोयीच्या आहेत. एक, 'झीरो अवर!' (१९५७) आणि 'एअरप्लेन!'. दुसरी, जेम्स व्हेल या दिग्दर्शकाचे 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) व 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५), आणि त्यांच्यावरचा 'यंग फ्रँकेन्स्टाइन' (१९७४). पहिल्या जोडीपासून प्रारंभ करा, कारण तिथे मूळ आणि विडंबन यांतले अंतर इतके कमी आहे की करामत उघड्या डोळ्यांना दिसते.

जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी झुकर हे दोघे भाऊ, असे तिघे जण रंगमंचावर विनोदी प्रहसने करायचे. टीव्हीवरच्या जाहिरातींची नक्कल करण्यासाठी ते रात्री उशिराचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवत. अशाच एका रेकॉर्डिंगमध्ये त्यांना 'झीरो अवर!' सापडला. विमानात मासे खाल्लेल्यांना विषबाधा होते, त्यात दोन्ही वैमानिक आडवे होतात, आणि युद्धाच्या आठवणींनी खचलेल्या एका माजी लढाऊ वैमानिकाला विमान उतरवावे लागते, अशी त्याची गोष्ट. चित्रपट पूर्णपणे गंभीर. तिघांनी त्याचे हक्क रीतसर विकत घेतले आणि त्याचा सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा वापरला. मूळ नायकाचे नाव टेड स्ट्रायकर, विडंबनातल्या नायकाचेही तेच. मूळ शीर्षकाच्या शेवटी उद्गारचिन्ह आहे, तेही त्यांनी ठेवले.

म्हणून दुसरी पायरी अशी, की आधी 'झीरो अवर!' पाहा. तो सुमारे ऐंशी मिनिटांचा, काळापांढरा चित्रपट आहे. तो कुठे मिळाला नाही तर १९७०चा 'एअरपोर्ट' किंवा त्याचा पुढचा भाग 'एअरपोर्ट १९७५' पाहिला तरी चालेल, कारण 'एअरप्लेन!'ने त्यांनाही हात लावला आहे. मूळ पाहताना मुद्दाम हसायचे नाही. त्याची खोड काढायला बसलो आहोत अशा वृत्तीने पाहिले तर पुढचा आनंद जातो. त्याची भीती खरी मानावी, विमान उतरेल की नाही याची काळजी करावी. आपण जितके त्यात गुंतू, तितके विडंबन पुढे आपल्याला जोरात पकडते.

मूळ पाहताना दोन-तीन जागा लक्षात ठेवा. वैमानिकाच्या खोलीत लहान मुलाला नेऊन दाखवतात ती जागा. डॉक्टर प्रवाशांना तपासतो त्या जागा. आणि जमिनीवरून सूचना देणारा अधिकारी ताण वाढला की काय करतो, ते.

एक उदाहरण घेऊ. 'झीरो अवर!'मध्ये विमानाचा कॅप्टन झाला होता एलरॉय हर्श, अमेरिकेतला नावाजलेला फुटबॉलपटू. खेळाडूला नट म्हणून घ्यायची ती पद्धत होती. 'एअरप्लेन!'मध्ये सहवैमानिकाच्या खुर्चीत बसवला आहे बास्केटबॉलचा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू, करीम अब्दुल-जब्बार. पाहुणा म्हणून आलेला मुलगा त्याला लगेच ओळखतो. तो शांतपणे सांगतो, की आपण वैमानिक आहोत आणि आपले नाव वेगळे आहे. मुलगा हट्ट सोडत नाही, आणि वडिलांनी त्याच्या खेळाला ठेवलेली नावे ऐकवतो, तेव्हा सहवैमानिकाचा तोल जातो आणि तो मुलाला धरून स्वतःच्या खेळाची बाजू मांडू लागतो. पुढे त्याला आजारी अवस्थेत ओढून नेतात तेव्हा अंगात खेळातली पिवळी चड्डी असते. मूळ न पाहताही याला हसू येते. पण मुळातल्या हर्शची खुर्ची आठवत असेल, तर हा विनोद पन्नासच्या दशकातल्या एका आख्ख्या पद्धतीवर केलेला आहे हे कळते, आणि मग तो दुपटीने रंगतो.

आता तिसरी पायरी, विडंबनपट लावण्याआधीची तयारी. इंग्रजी उपशीर्षके, म्हणजे सबटायटल्स, सुरू करा. इंग्रजी उत्तम समजत असले तरीही करा. संवादांतल्या कोट्या फार वेगाने येतात आणि कित्येक केवळ उच्चाराच्या सारखेपणावर बेतलेल्या असतात. त्या कानांवरून निसटतात, वाचताना सापडतात. हिंदीत डब केलेली प्रत टाळा. डबिंगमध्ये या कोट्या मरतात आणि नटांचा गंभीर सूरही बिघडतो, जो पुढे सांगतो त्याप्रमाणे चित्रपटाचा प्राण आहे.

मोबाइल दूर ठेवा. ही नेहमीची सूचना वाटेल, पण विडंबनपटाच्या बाबतीत ती तांत्रिक गरज आहे. याच तिघांनी १९८२ साली 'पोलिस स्क्वॉड!' नावाची, पोलिसी मालिकांचे विडंबन करणारी मालिका केली. सहा भागांनंतर ती बंद झाली. ती समजायला टक लावून पाहावी लागते, आणि टीव्हीचा प्रेक्षक तसे पाहत नाही, असे कारण वाहिनीच्या प्रमुखांनी दिले होते. त्याच मालिकेतून पुढे १९८८चा 'द नेकेड गन' निघाला. सिनेमागृहाच्या अंधारात प्रेक्षकाला पडद्यावरून नजर हटवायला जागा नव्हती, तिथे तोच विनोद तुफान चालला.

चित्रपट सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटे नटांच्या चेहऱ्यांकडे पाहा. आपल्याला विनोदी नटाच्या हावभावांची सवय असते. विनोद आला की तो डोळे मोठे करतो, आवाज चढवतो, संगीतातही 'टॉइंग' होते. 'एअरप्लेन!'मध्ये यातले काहीही नाही. डॉक्टर झालेला लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज हे सगळे तोपर्यंत गंभीर भूमिकांसाठी ओळखले जाणारे नट. नील्सन तर १९७२च्या 'द पोसायडन अॅडव्हेंचर' या संकटपटात बुडणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. दिग्दर्शकांनी अशाच नटांचा आग्रह धरला. चेहरा मख्ख ठेवून, शब्दावर जोर न देता, वेडगळ वाक्य अगदी खरे मानून बोलायचे, याला डेडपॅन म्हणतात. नवख्या प्रेक्षकाची सर्वांत मोठी अडचण इथेच होते. विनोद झाला हे कुणी सांगतच नाही, त्यामुळे तो झाला हेच कळत नाही. सांगणारा कुणी नसेल हे गृहीत धरूनच बसा.

संगीताचेही तसेच. 'द मॅग्निफिसंट सेव्हन'सारख्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या एल्मर बर्नस्टाइन या मातब्बर संगीतकाराला दिग्दर्शकांनी बोलावले आणि खऱ्या संकटपटाला द्यावे तसे भारदस्त संगीत करून घेतले. डोळे मिटून नुसते ऐकले तर हा विनोदी चित्रपट आहे असा संशयही येणार नाही. आवाजाची आणखी एक गंमत ऐका. पडद्यावर जेट विमान उडते आहे, पण घरघर येते पंख्याच्या विमानाची. 'झीरो अवर!'मधले विमान पंख्याचे होते. सबंध चित्रपटभर हा विनोद चालू आहे आणि त्याकडे एकही पात्र बोट दाखवत नाही.

यानंतर नजर मुख्य पात्रांवरून काढून मागे न्यायला शिका. या चित्रपटात पुढे दोघे जण गंभीर बोलत असतात तेव्हा मागे काहीतरी घडत असते. रॉबर्ट स्टॅकचे पात्र क्रेमर याला घरी बोलवायला माणूस जातो. क्रेमरची बायको दारात शांतपणे चौकशा करते आहे आणि त्यांचा कुत्रा त्या माणसाचे लचके तोडतो आहे. त्याच घरात क्रेमर आरशासमोर उभा राहून कपडे नीट करतो, आपण त्याचे प्रतिबिंब पाहतो आहोत असे वाटते, आणि तो सरळ आरशातून बाहेर चालत येतो. कॅमेरा त्यावर क्षणभरही रेंगाळत नाही. आपण उपशीर्षक वाचत खाली पाहत असलो तर ते हुकते. हुकू द्या. मागे नेऊन पुन्हा पाहू नका, कारण या चित्रपटांचा वेग हाच त्यांचा तोल आहे. थांबत-थांबत पाहिले तर तो जातो. हुकलेले दुसऱ्या खेपेला सापडेल, आणि दुसऱ्या खेपेला पाहण्यालायक असणे ही चांगल्या विडंबनपटाची मला पटलेली एकमेव कसोटी आहे.

एक दृश्य जरा जवळून पाहू, कारण त्यात सगळी यंत्रणा एकत्र दिसते. 'एअरपोर्ट १९७५'मध्ये विमानात एक आजारी मुलगी आहे आणि एक जोगीण गिटार घेऊन तिच्यासाठी गाणे म्हणते. दृश्य हेतूने हळवे. 'एअरप्लेन!'मध्ये मुलगी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी निघाली आहे, हाताला सलाइन लावलेले आहे, आणि गाते ती हवाईसुंदरी. प्रकाश मऊ आहे, सूर गोड आहे, भोवतालचे प्रवासी कौतुकाने पाहत आहेत. इथपर्यंत वृत्त मुळाचेच. मग गाण्याच्या भरात गिटारचा दांडा सलाइनच्या नळीला लागतो आणि नळी निघते. मुलगी तडफडू लागते. गाणारी आपल्या तंद्रीत. गाणे चालूच, कौतुकही चालूच.

यात काय बदलले? फक्त एक भौतिक गोष्ट. गिटार लांब असते, विमानातली जागा अरुंद असते, नळी नाजूक असते. मूळ चित्रपट हळवेपणाच्या भरात ज्या व्यवहाराकडे दुर्लक्ष करतो, तोच विडंबनपट आत आणतो. पुढचे सगळे विडंबनपट पाहताना स्वतःला हाच प्रश्न विचारा: मूळ चित्रपट काय गृहीत धरून चालला होता? उत्तर मिळाले की विनोदाचे मूळ हाती लागते.

आणि श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. तिच्यातही विनोद पेरलेले आहेत. नायक सुरुवातीला विमानतळावर टॅक्सी उभी करून, मागे बसलेल्या गिऱ्हाइकाला तसेच सोडून धावत आत जातो. ते गिऱ्हाईक नावे संपल्यानंतरही टॅक्सीत वाट पाहत बसलेले दिसते.

एवढे झाले की दुसऱ्या जोडीकडे वळा, पण त्याच दिवशी नको. लागोपाठ दोन विडंबनपट पाहिले की डोके बधिर होते आणि दुसरा निष्कारण फिका वाटतो.

'यंग फ्रँकेन्स्टाइन' मेल ब्रूक्सने दिग्दर्शित केला आणि नायक जीन वाइल्डरने त्याच्यासोबत लिहिला. मुळाशी निष्ठा म्हणजे काय, हे पाहायचे तर हा चित्रपट पाहावा. १९७४ साली रंगीत चित्रपटांचे राज्य असताना ब्रूक्सने तो काळापांढराच करायचा हट्ट धरला. आधीची निर्मितीसंस्था त्याला तयार होईना, तेव्हा तो दुसरीकडे गेला. प्रयोगशाळेत जी विजेची यंत्रे ठिणग्या उडवताना दिसतात, ती १९३१च्या मूळ चित्रपटासाठी केनेथ स्ट्रिकफाडेन यांनी बनवलेलीच आहेत. त्यांच्याकडे ती जपून ठेवलेली होती. दृश्ये बदलण्याच्या जुन्या तऱ्हाही तशाच्या तशा वापरल्या आहेत. हे सगळे न कळता पाहणाऱ्याला वाटते, जुना चित्रपट लागला आहे. तसे वाटणे हीच पहिली मात्रा.

'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षस जंगलातल्या एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत शिरतो. म्हाताऱ्याला तो दिसतच नाही, म्हणून म्हातारा घाबरत नाही. खाऊ घालतो, बोलायला शिकवतो. मला हे दृश्य त्या काळच्या भयपटांतले सर्वांत कोमल दृश्य वाटते. 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मध्ये म्हातारा झाला आहे जीन हॅकमन, दाढीमिशांत ओळखू न येणारा. तोही तितकाच प्रेमळ. पण आंधळा माणूस गरमागरम सूप वाढताना भांडे कुठे आहे हे पाहू शकत नाही, त्यामुळे सूप राक्षसाच्या मांडीवर ओतले जाते. पेले आपटून मैत्री साजरी करताना राक्षसाचा पेला फुटतो. चिरूट पेटवायला जातो आणि राक्षसाचा अंगठा पेटवतो. शेवटी तो अक्राळविक्राळ जीव जीव मुठीत धरून पळ काढतो. मूळ दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना इथे एक वेगळी गोष्ट जाणवेल. म्हाताऱ्याच्या चांगुलपणाची चेष्टा कुठेही केलेली नाही. ब्रूक्सचे त्या मूळ चित्रपटांवर मनापासून प्रेम आहे आणि ते प्रत्येक चौकटीत दिसते.

त्याच वर्षी ब्रूक्सने काउबॉयपटांवर 'ब्लेझिंग सॅडल्स'ही केला. काउबॉयपटांत पुरुष शेकोटीभोवती बसून वर्षानुवर्षे बीन्स खात आले आहेत. त्याचा पोटावर काय परिणाम होत असेल हे कुणी दाखवले नव्हते, ते इथे दाखवले आहे. मात्र गोऱ्यांच्या गावात काळा शेरीफ आल्याची ही गोष्ट असल्याने वर्णद्वेषी शिव्या भरपूर आहेत. त्या देणाऱ्यांनाच मूर्ख ठरवण्यासाठी त्या आहेत, हे मनात ठेवून पाहा. रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय विनोदकार त्याच्या लेखकांपैकी एक होता.

इथवर मूळ चित्रपट हाताशी होते. पुढच्या टप्प्यावर ते नसतात. 'माँटी पायथन अँड द होली ग्रेल' (१९७५) हा ब्रिटिश चित्रपट राजा आर्थरच्या दंतकथांवर आणि शूरवीरांच्या एकूण चित्रपटांवर आहे. धुक्यातून टापांचा आवाज येतो, राजा घोडदौड करत आल्यासारखा वर येतो, पण घोडाच नाही. मागचा सेवक नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटतो आहे. निर्मात्यांकडे घोड्यांपुरते पैसे नव्हते, आणि टापांचा आवाज नभोवाणीत करवंट्यांनीच काढत. यावर किल्ल्यावरचा पहारेकरी विचारतो, की या थंड देशात नारळ आला कुठून! आणि वाद पक्ष्यांच्या उडण्याच्या वेगापर्यंत जातो.

या चित्रपटात आपली दोनदा फसगत होऊ शकते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीच्या नावांखाली विचित्र, स्वीडिशसारखी दिसणारी उपशीर्षके येतात. आपली प्रत बिघडलेली नाही, तो विनोद आहे. आणि शेवटी ऐन लढाईच्या तोंडावर आजच्या काळातले पोलीस येतात आणि चित्रपट एकदम तुटतो. तेही बरोबरच आहे. पुढचा भाग शोधत बसू नका.

आणखी एक जात आहे: खोटा माहितीपट, ज्याला मॉक्युमेंटरी म्हणतात. रॉब रायनरचा 'धिस इज स्पायनल टॅप' (१९८४) हा त्यातला मुकुटमणी. एका उतरणीला लागलेल्या ब्रिटिश रॉक बँडच्या दौऱ्याचा माहितीपट, असे त्याचे रूप. बँड काल्पनिक, संवाद बरेचसे ऐनवेळी सुचलेले. प्रदर्शित झाला तेव्हा काही प्रेक्षकांना बँड खरा वाटला. याचे मूळ म्हणून एखाद्या खऱ्या संगीतदौऱ्याचा कुठलाही माहितीपट अर्धा तास पाहिला तरी पुरे. मग पाहा: रंगमंचावर अठरा फुटी दगडी कमान हवी असते, कागदावर आराखडा काढताना फुटाच्या खुणेऐवजी इंचाची खूण होते, आणि ऐन कार्यक्रमात छतावरून गुडघ्याएवढी कमान उतरते. गायक गंभीरपणे गात राहतात. इथे 'एअरप्लेन!'सारखा विनोदांचा मारा नाही. कंटाळा, अवघडलेपणा, लांबलेली शांतता यांतून हसू येते. वेग कमी आहे म्हणून हा चित्रपट सुरुवातीला निवडू नये. तिसरा किंवा चौथा म्हणून पाहावा.

आता माझ्या विशेष आवडीचा एक. एडगर राइटचा 'शॉन ऑफ द डेड' (२००४). जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) व 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) या झाँबीपटांवर, म्हणजे चालत्या प्रेतांच्या चित्रपटांवर, तो बेतला आहे. लंडनमधला एक दिशाहीन तरुण सकाळी उठून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. कॅमेरा न थांबता त्याच्यामागे जातो: रस्ता, गाड्या, धावणारा माणूस, दुकान, परत घर. दुसऱ्या सकाळी तोच रस्ता, तीच कॅमेऱ्याची चाल. पण आता रात्रीत शहर प्रेतांनी भरले आहे, गाडीची काच फुटली आहे, दुकानाच्या फरशीवर रक्त आहे. तो त्यावरून घसरतो, सावरतो, सामान घेऊन घरी येतो. त्याच्या काही लक्षातच येत नाही, कारण आदल्या दिवशीचे लोकही तसेच पेंगुळलेले चालत होते. वृत्त सांभाळणे म्हणजे काय, ते या दोन चालींतून कुणालाही कळेल. पुढे चित्रपट खरोखर भीतिदायक आणि खरोखर दुःखद होतो, आणि तरी विडंबन सुटत नाही. रोमेरोला तो इतका आवडला, की त्याने दिग्दर्शक राइट आणि नायक सायमन पेग यांना आपल्या पुढच्या चित्रपटात प्रेतांच्या छोट्या भूमिका दिल्या.

कुठले विडंबनपट टाळावेत, हेही सांगायला हवे, कारण अनेकांचा या प्रकारावरचा विश्वास तिथेच उडतो. 'एपिक मूव्ही' (२००७), 'डिझास्टर मूव्ही' (२००८) अशांची एक लाट आली होती. त्यांत गाजलेल्या चित्रपटातल्या पात्राचा वेष केलेला कुणीतरी येतो, धडपडतो आणि जातो. प्रेक्षकाने पात्र ओळखले की विनोद झाला, अशी समजूत त्यामागे आहे. ओळखीने क्षणभर बरे वाटते, पण तो विनोद नव्हे. मुळाने काय गृहीत धरले होते, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नसतो. शिवाय त्या वर्षीचे चित्रपट विस्मरणात गेले की नकलाही निर्जीव होतात. याउलट बस्टर कीटनचा 'थ्री एजेस' (१९२३) हा मूकपट पाहा. ग्रिफिथच्या 'इंटॉलरन्स' (१९१६) या भव्य चित्रपटाची रचना त्याने उचलली होती. शंभर वर्षे उलटली तरी तो हसवतो.

आपल्या देशातही पाहण्यासारखे आहे. कुंदन शहांचा 'जाने भी दो यारो' (१९८३) मुळात मुंबईतल्या बिल्डर आणि पालिकेच्या भ्रष्टाचारावरचा उपहास, पण त्याच्या पोटात विडंबने आहेत. फोटो मोठे करत-करत खून सापडतो ती कल्पना अँटोनिओनीच्या 'ब्लो-अप'ची (१९६६), आणि त्याची कबुली म्हणून घटनास्थळाचे नावच अँटोनिओनी पार्क. शेवटच्या नाटकातल्या द्रौपदीवस्त्रहरणात साडीतली द्रौपदी म्हणजे एक प्रेत, हे तर आपल्याला पाठच असेल. तिथे मूळ वेगळे पाहायची गरज पडत नाही, महाभारत आपल्या अंगातच आहे. आणि म्हणूनच त्या दृश्याला सगळे जण एकाच क्षणी हसतात. शशांक घोषचा 'क्विक गन मुरुगन' (२००९) शाकाहारी दाक्षिणात्य काउबॉयची गोष्ट सांगतो. तमिळ कळत असेल किंवा उपशीर्षके चालत असतील, तर सी. एस. अमुधन यांचा 'तमिळ पडम' (२०१०) जरूर पाहा. तमिळ नायकपटांच्या सगळ्या सवयी त्यात एकेक करून घेतल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक आपल्या हिंदी-मराठी पडद्यावरही ओळखीच्या आहेत.

घरच्यांबरोबर पाहायचे असेल तर थोडी सावधगिरी. 'एअरप्लेन!'मध्ये क्षणभराची नग्नता आणि चावट संवाद आहेत, 'होली ग्रेल'मध्ये हातपाय तोडण्याचा लालभडक विनोद आहे, 'शॉन'मध्ये खरेच रक्तपात आहे, 'स्पायनल टॅप'मध्ये भाषा मोकळी आहे. शाळकरी मुले बरोबर असतील तर 'गॅलक्सी क्वेस्ट' (१९९९) लावा. 'स्टार ट्रेक'सारख्या जुन्या मालिकेतले नट, त्यांना खरेच अंतराळवीर समजून घेऊन जाणारे भाबडे परग्रहवासी, आणि पुठ्ठ्याच्या यानात काम केलेल्या नटांवर खरे यान चालवायची आलेली वेळ, अशी त्याची गोष्ट. आदल्या संध्याकाळी मुलांना मूळ 'स्टार ट्रेक'चा एखादा भाग दाखवून ठेवा. पन्नास मिनिटांचा असतो.